पुसायच्या राहिलेल्या रेघा

९ मार्च, सोमवार

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

"ज्यानं रंगवलं, त्यानंच पुसायचं," बाबा वाटीत पांढरी माती कालवताना म्हणाले होते. तू हसला होतास, "म्हणजे डबल काम!" आज बसथांब्यावर उभ्या उभ्या ते आठवलं.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच. मला धुलाईघरात आता इस्त्रीवर घेतलंय.

तर थांब्यावर, तू पाहुण्यांचे चेहरे रंगवतोस त्या हॉटेलची जाहिरात लागली आहे. सतरा-अठरा वर्षांची हसरी मुलगी, डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत तीन पांढऱ्या रेघा. तिसरी खाली जाताना जरा वळलेली. हात तुझाच. शेजारची बाई म्हणाली, "किती गोड दिसतंय, नाही?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाहुण्यांना नटवायचंय ना? कपाळावरचे लाल ठिपके काढ, लग्नाची पिवळी नक्षी काढ, दंडावरची वेल काढ. कोण अडवतंय? पण तीन रेघा मूल गेलेल्या बाईच्या. रस्त्यात तिला कुणी "कशी आहेस" विचारू नये, दुकानदारानं हुज्जत घालू नये, गर्दीनं वाट द्यावी, म्हणून. हे तुला मी शिकवायचं?

आईला फोनवर म्हणालास म्हणे, "अगं, अर्थ कुणाला कळतोय? छान दिसतं, बस."

मला कळतो. तू शेवटच्या ओढल्यास त्या माझ्याच गालावर, छकुलीला नेलं त्या सकाळी. तुझा हात थरथरला म्हणून तिसरी रेघ वळली. बाबांच्या नमुन्यात ते वळण नाही, दादा. ते फक्त माझ्या गालावर होतं. तेच तू त्या पोरीच्या गालावर गिरवलंस? नक्षी म्हणून?

चाळिसाव्या दिवशी पुसायला यायचं होतंस. तिसाव्या दिवशी तुला हॉटेलची नोकरी लागली. माती धुलाईघराच्या वाफेनं गळून गेली. पुसली कुणीच नाही. सात वर्षं झाली. अजून कुणी "कशी आहेस" म्हटलं की मला वाटतं, याला दिसत नाही का?

जाहिरात उतरव म्हणत नाही. ते तुझ्या हातात नसेलही. एक दिवस ये. फडकं मी ओलं करून ठेवते. रिकामा का होईना, हा गाल पूस आणि लगेच जा, चहासुद्धा घेऊ नकोस. "सीझन आहे गं," म्हणशील, ठाऊक आहे.

तरी विचारते. येशील?

रेघांतच अडकलेली,
तुझी धाकटी