फक्त शांता यांनी अगत्य येण्याचे करावे

घोडपदेव, मुंबई
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थरूप शांता आत्येच्या पायाशी दर्शनाचा नमस्कार. इथून करतेय म्हणून वरवरचा समजू नकोस, खाटेवरून खाली उतरून केलाय.

तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला गेला का? दीपकदादाने नवी आंब्याची कलमं लावली होती ती जगली का? आणि ती पांढरी मांजर अजून फक्त तुझ्याच हातून दूध पिते का? इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे तब्येतीने बरे आहेत. एरवी बाबा माझ्याशी बोलत नाहीत, स्वप्नील बोलतो पण ते न बोललेलं बरं, आणि आई बोलता बोलता मध्येच कपाळाला हात लावून थांबते. तू फोन बंद करून कपाटात ठेवलायस असं दीपकदादाने सांगितलं, म्हणून हे पत्र. (पोस्टात गेले तर काऊंटरवरचा माणूस पाकिटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. तिकीट घेऊन परत आले.)

आत्ये, तुला जो मेसेज आला तो मी पाठवला, पण मी लिहिला नाही. हा फरक कळायला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तर चहा ठेव आणि वाच.

तुला माहीत आहे, मी लोअर परळला एका कंपनीत कामाला आहे. जिथे गणपत आजोबा साच्यावर उभे राहायचे, त्याच मिलच्या आवारात आता आमची काचेची इमारत आहे. (आत इतकी थंडी असते की मी मे महिन्यात स्वेटर नेते. चाळीतले लोक समजतात मला ताप आहे.) गेल्या वर्षी आमच्या टीमला हास्केल नावाची भाषा शिकायला सांगितली. कॉम्प्युटरची भाषा, बोलायची नव्हे. शिकवायला गौतम म्हणून एक जण होते. फार शांतपणे शिकवतात. कितीही मूर्ख प्रश्न विचारला तरी आधी पाणी पितात आणि मग उत्तर देतात. असो. या प्रकाराला म्हणतात फंक्शनल प्रोग्रामिंग, आणि सगळा घोटाळा या नावापासून सुरू झाला. मी एका संध्याकाळी आईला सांगत होते की मला आता फंक्शनल प्रोग्रामिंग बऱ्यापैकी येतं, ते बाबांनी खाटेवरून ऐकलं. फंक्शन म्हणजे लग्नकार्य आणि प्रोग्राम म्हणजे कार्यक्रम, हे तर चाळीत सगळ्यांनाच माहीत आहे. बाबांची समजूत झाली की कंपनीने मला लग्नाचे कार्यक्रम करायला शिकवलं. स्वप्नीलचं लग्न ठरून आठवडाही झाला नव्हता. बाबांनी त्याच दिवशी खाली नाक्यावर सांगून टाकलं की आमंत्रणाचं सगळं आमची दर्शना बघणार, तिने त्याचा कोर्स केलाय.

मी समजावायला हवं होतं. पण आत्ये, बाबा माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदाच चार लोकांत अभिमानाने बोलले. मी गप्प राहिले आणि आमंत्रणाचं टूल बनवायला बसले. टूल म्हणजे कॉम्प्युटरमधलं अवजार. स्वप्नीलच्या फोनमधून सगळ्यांचे नंबर घ्यायचे, कोणाला काय लिहायचं ते ठरवायचं आणि ज्याला त्याला त्याच्या नावाने मेसेज पाठवायचा, इतकंच त्याचं काम.

आता या भाषेचा स्वभाव सांगते. (तंत्र म्हणून नको, एखाद्या स्थळाची माहिती सांगतात तसं ऐक.) ही भाषा अतिशय सोवळी आहे. आत बसून हिशेब करेल, पण बाहेरच्या जगाला हात लावणार नाही. मेसेज पाठवणं, छापणं, अशी जगाला शिवणारी कामं वेगळी, उंबरठ्यावर ठेवायची. मी आधी आतलंच सगळं पूर्ण केलं आणि हौसेने घरच्यांना दाखवायला बोलावलं. बाबा, आई, स्वप्नील आणि लालबागहून आलेली कांता मावशी असे सगळे खाटेवर ओळीने बसले. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मी म्हटलं, झालं. बाबांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "पण ता करता काय?" मी म्हटलं, बाबा, ते बाहेर काहीच करत नाही, हाच तर त्याचा मोठेपणा आहे. शिवाय ही भाषा आळशी आहे. कोणीतरी उत्तर मागेपर्यंत ती कामाला हातच लावत नाही. यावर बाबा स्वप्नीलकडे वळून म्हणाले, "म्हणजे ह्या आमच्या स्वप्नीलासारख्याच." स्वप्नील उठून गेला. त्याचं जेवण झाकून ठेवावं लागलं.

दुसरं, या भाषेत एकदा ठरलेली गोष्ट बदलत नाही. बदलायचं असेल तर नवी बनवायची, जुनी आहे तशीच राहते. मला हे इतकं पटलं की मी घरातही तसंच वागायला लागले. बाबांनी आधी परळचा हॉल म्हटला, मग दादरचा, मग पुन्हा परळचा. मी प्रत्येक वेळी नवी पत्रिका केली आणि जुनी जपून ठेवली. परिणाम असा की केटररकडे परळ गेलं, बँडवाल्याकडे दादर, आणि भटजींकडे दोन्ही. भटजींनी विचारलं की एकाच मुहूर्तावर दोन ठिकाणी एकच नवरा कसा काय, तेव्हा ते निस्तरलं. आईने तर मला भांडी घासायला सांगणंच सोडलं, कारण मी एकदा म्हणाले होते की घासलेलं भांडं हे नवं भांडं असतं, जुनं अजून खरकटंच आहे. (ते मी गमतीने म्हटलं होतं. ती अजून विश्वास ठेवत नाही.)

मग तुझी गोष्ट आली. तुला आठवत असेल, मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, कांता येत असेल तर मीही येईन. छान. मी तोच नियम टूलमध्ये घातला. कांता मावशीला विचारलं तर ती म्हणाली, शांताबाई येणार असतील तर मी आहेच. तोही नियम घातला. आता टूलला विचारलं, आत्या येणार का? ते म्हणालं, मावशीला विचारते. मावशी येणार का? आत्याला विचारते. आत्या येणार का? मावशीला विचारते. लॅपटॉपचा पंखा इतका घुमायला लागला की बाजूच्या सरोजिनीकाकू मिक्सर थोडा वेळ बंद ठेवा म्हणून सांगायला आल्या. आईने तो तापलेला बघून त्यावर माझा ओला रुमाल वाळत टाकला. (वाळला.) दुसऱ्या दिवशी ऑफिसात गौतमना विचारलं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, अशा साखळीत कोणीतरी एकाने कुठलीही अट न घालता हो म्हणावं लागतं, नाहीतर तिला शेवटच नाही. मी तुम्हा दोघींचे नियम काढले आणि दोघींना थेट आमंत्रण द्यायचं ठरवलं. इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही, हे तूही मान्य करशील.

चुकलं ते डबीत. या भाषेत एखादी गोष्ट मिळेल की नाही याची खात्री नसेल तर ती उघडी ठेवत नाहीत, डबीत ठेवतात. डबीत काही असेल तर वर लिहिलेलं असतं 'फक्त अमुक'. रिकामी असेल तर लिहिलेलं असतं 'काहीच नाही'. मूळ भाषेत हे शब्द इंग्रजीत आहेत. लग्न मराठी माणसाचं, म्हणून मी अभिमानाने ते मराठीत केले. तसेच ठेवले असते तर अर्ध्या लोकांना ती छपाईची चूक वाटली असती. नाव मेसेजमध्ये घालायच्या आधी डबी उघडायची असते. मी सगळीकडे उघडली, एका जागी विसरले. नेमकी ती जागा उंबरठ्यावरची होती. मी बटण दाबलं आणि स्वप्नीलच्या फोनमधल्या झाडून सगळ्या नंबरांना आमंत्रण गेलं.

तुला गेलं, फक्त शांता यांनी अगत्य येण्याचे करावे. आता तू म्हणशील, आतोबा कुठे गेले, दीपक कुठे गेला, सून काय परकी आहे? आत्ये, त्या सगळ्यांचे नंबर त्या फोनमध्ये नव्हते. नाहीतर फक्त आतोबा, फक्त दीपक असे वेगवेगळे गेले असते. कोणालाही वगळलेलं नाही. फक्त या शब्दाचा तिथे अर्थ फक्त नव्हे, तो डबीवरचा शब्द आहे. (हे वाक्य मी अनेकांना फोनवर म्हणून दाखवलंय. एकालाही पटलं नाही. तुला पटेल असं वाटतं.)

चाळीत काय झालं ते विचारू नकोस. प्रत्येक घरात एक जण फक्त होता आणि बाकीचे त्याच्याशी अबोला धरून बसले. सरोजिनीकाकूंच्या यजमानांनी मला जिन्यात अडवून विचारलं की आम्ही जेवायला जास्त घेतो का? कांता मावशी मात्र हरखून गेली. लग्न झाल्यापासून मला एकटीला कोणी कुठे बोलावलं नव्हतं, म्हणाली, आणि काकांना न विचारता साडी घेऊन आली. ती आता बिनशर्त येणार आहे. बँकेचा एक वसुलीवाला स्वप्नीलच्या फोनमध्ये 'उचलू नको' या नावाने होता. त्याला गेलं, फक्त उचलू नको यांनी अगत्य येण्याचे करावे. त्याचा उलट मेसेज आला, नक्की येतो, सहकुटुंब चालेल का?

सगळ्यात वाईट झालं ते अनुजाच्या आईंचं. अनुजा म्हणजे आपली होणारी सून, दादरच्या हिंदू कॉलनीतली. तिची आई मृणालिनीताई, शाळेत मराठी शिकवायच्या. स्वप्नीलने त्यांचा नंबर बिननावाचा ठेवला होता, कारण आई म्हणायचं की काकू हे त्याचं ठरत नव्हतं. नाव नाही म्हणजे डबी रिकामी. त्यांना गेलं, काहीच नाही यांनी अगत्य येण्याचे करावे. त्यांचा फोन मीच घेतला. त्या अजिबात चिडल्या नाहीत, तेच भयंकर होतं. म्हणाल्या, "दर्शना, मी निवृत्त झाले आहे हे खरं. पण काहीच नाही इतकी अजून झालेले नाही." मग 'अगत्य' हवं की 'अगत्याने' हवं यावर थोडं बोलल्या आणि फोन ठेवला. अनुजाने दोन दिवस स्वप्नीलचा फोन घेतला नाही. तो गॅलरीत कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत उभा राहायचा. शेवटी मी आणि आई सुरमई घेऊन दादरला गेलो, आणि मी मृणालिनीताईंना अख्खी भाषा समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे शब्द बरोबर होता, जागा चुकली. आत्ये, मला रडूच आलं. इतकं नेमकं कोणीच समजून घेतलं नव्हतं. सुरमई त्यांनी ठेवून घेतली, म्हणजे लग्न आहे.

मागच्या रविवारी गौतम स्वतः घरी आले आणि त्यांनी ती डबी उघडून दिली. एका शब्दाचं काम होतं. सगळ्यांना सुधारलेला मेसेज गेला. आता रुसलेली तू एकटी उरलीस, कारण तुझा फोन कपाटात आहे.

बाबांचं सांगते. ते मला काही बोलत नाहीत, पण आपल्या घरात मुंडावळ्या आत्याच बांधते, हे त्यांनी सगळ्यांना ऐकवलंय. काल आईने नुसतं विचारलं की शांताताई नाहीच आल्या तर कांताने बांधल्या तर चालेल का. बाबा म्हणाले, "आक्का येयत तेव्हाच मुंडावळ्यो बांधूच्यो. नायतर नवरो तसोच बसात." भटजींनी मुहूर्ताचं काय विचारलं तर बाबा उठून बाहेर गेले. तेव्हा चूक माझी, भाषेची, डबीची, ज्याची म्हणशील त्याची, पण तू ये. आतोबांना, दीपकदादाला, वहिनीला, सगळ्यांना घेऊन ये. तुम्ही गावाहून याल तेव्हा मी घ्यायला ठाणे स्टेशनवर येईन.

तुझी भाची,
दर्शना

ता. क. मी टूलचं काम कायमचं सोडलंय. मृणालिनीताईंच्या महिला मंडळाच्या सहलीचं तेवढं करून देतेय, कारण त्यांनी स्वतःहून विचारलं.

ता. क. २. आता मूळ गोष्ट. गौतमबद्दल वर दोन-तीनदा आलंय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मुंडावळ्या बांधून झाल्या की बाबा जरा हळवे झालेले असतात. तेव्हा त्यांच्या कानावर घालशील का? तुला ते नाही म्हणत नाहीत. माणूस खरंच चांगला आहे. एकच मोठी अडचण आहे, ते मासे खात नाहीत. आईने त्या रविवारी बांगडे तळले होते, तेव्हा मी त्यांना उपास आहे म्हणून सांगितलं. हे वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

ता. क. ३. (अक्षर वेगळं आहे, घाबरू नको)
आक्का, मी बोलनंय नाय तरी ह्या पत्र दर्शनान माझ्याकडेच पोस्टात टाकूक दिल्यान. पाकीट चिकटवक इसारला. मी काय वाचूक नाय. येवढाच सांगतंय, पोरगो बरो दिसता, पण त्याका मासे खावक शिकवूक तूच होयी. लवकर ये.
वसंत