पहिल्या कॅटलॉगवरचा हात

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. कंबरेला शेक देतोस ना? (हो म्हणू नकोस, वहिनीनं सगळं सांगितलंय.) देवाच्या कृपेनं इथं सगळे धडधाकट आहेत आणि तुझी बहीण सध्या जमिनीपासून वीतभर वरून चालते आहे. कारण सांगते, पण सावकाश. कागदाच्या दोन्ही बाजू भरायच्या आहेत.

तू पाठवलेल्या ट्रंकेतले बाबांच्या धनुष्यांच्या दुकानाचे कॅटलॉग तिरंदाजी संघाच्या काचेच्या कपाटात जुन्यापासून नव्यापर्यंत लावायचं काम माझ्याकडे आलं. पण एकावरही साल नाही! (उरलेल्या प्रती पुढच्या वर्षी खपाव्यात म्हणून बाबा साल छापतच नसत. अशा बापाची मी मुलगी, याचा मला अभिमान आहे. त्या आठवड्यात जरा कमी होता.) माझा जीव अडकला होता पहिल्या कॅटलॉगमध्ये. घरात आईचा एकही फोटो नाही, आणि बाबा सांगायचे की पहिल्या कॅटलॉगवर धनुष्य ओढणारा हात तिचा आहे. (नुसता हात, कारण अख्ख्या बाईचा छपाईचा ब्लॉक महाग पडला असता.)

मी मॅट्रिकच, पण डोकं चालवलं. काही कॅटलॉगांत माणसाएवढी, सरळसोट लाकडी धनुष्यं. काहींत टोकं पुढे वळलेली. मग फायबरच्या पट्ट्या चिकटवलेली, मूठ जाड, अंगानं आखूड, गाडीच्या डिकीत मावतील अशी. मी नियम काढला: जितकं लांब, तितकं जुनं. आणि सगळ्यांत लांब धनुष्याच्या कॅटलॉगवर निघाला एक हात! दादा, मी तिथंच रडले. त्याची एक प्रत देवांशेजारी ठेवली (उरलेल्या होत्याच), रोज फूल वाहिलं, आणि कपाटाच्या उद्घाटनाला चक्क भाषण केलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून मनापासून झालं. चिटणीसांनी डोळे पुसले.

तेवढ्यात तुझ्या वतीनं आलेली वहिनी उठली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"अहो वन्सं, हा तर माझा हात!"

"वहिनी, काहीतरीच काय बोलतेस?"

"काहीतरी कसं? हा बघा इस्त्रीचा चटका. नवी नवरी होते. मामंजींनी हातात धनुष्य दिलं आणि म्हणाले, हलू नकोस, फिल्म वाया जाईल." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही याला फुलं वाहताय?" असं म्हणून जी हसायला लागली, ती तिला पाणी द्यावं लागलं.

उलगडा तिनंच केला. तुमच्या लग्नाच्या सुमारास गिऱ्हाइकं चकचकीत, आखूड धनुष्यांना कंटाळली आणि आजोबांच्या वेळची साधी, लांब धनुष्यं मागू लागली. बाबांनी माळ्यावरचे जुने साचे खाली काढले. (बाबांनी काही टाकलेलं नसायचं, हे तुला काय सांगू!) म्हणजे मी सगळ्यांत नवा कॅटलॉग पहिला लावला होता.

दुसरी असती तर तोंड लपवून घरी गेली असती. मी वहिनीचा चष्मा चढवला आणि सगळ्यांदेखत रांग मोडून कॅटलॉग गोलात मांडले: लांबापासून निघून, आखूडावरून वळसा घालून पुन्हा लांबाशी. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आता कुठे आम्हाला कळलं काय झालं ते!" कपाटावरच्या पाटीवर माझं नाव आहे, मोठ्या अक्षरात. फक्त गोलातली पहिली जागा रिकामी आहे.

जड काही उचलू नकोस. देव तुला सांभाळो.

तुझी धाकटी बहीण

ता. क. पहिला कॅटलॉग ट्रंकेत नव्हताच, तो तुझ्या उशाखाली असतो, असं वहिनी निघताना बोलून गेली. मी रागावले नाही. (रागावले होते, पण पत्र लिहिता लिहिता राग उतरला.) संघाला देऊ नकोस, मलाही देऊ नकोस. कंबर बरी झाली की घेऊन ये. मांडीवर ठेवून एकदा नीट बघेन आणि तुझ्यासोबतच परत पाठवीन. कपाटातली जागा राहू दे रिकामी.

आणखी एक. देवांशेजारची ती प्रत मी हलवलेली नाही. आईमागं घर त्याच हातानं चालवलं, तेव्हा फुलं काही अगदीच चुकीच्या पत्त्यावर गेली नाहीत. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस, डोक्यावर बसेल.