खिंडीतलं डावं वळण

मामंजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा आता तुमच्याशी सरळ बोलायला हरकत नसावी. तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. काही सांगायचं झालं तर मांडीवरच्या पोराला सांगायचं आणि पोरानं ते आज्याला सांगायचं. तुम्हीही तसंच करायचात. आपल्या दोघांचा सगळा कारभार त्या तीन वर्षांच्या पोराच्या तोंडून चालायचा, आणि तो बरा चालायचा.

लढाईचे दिवस होते. तुमचा मुलगा पलटणीत, आणि गावात मोटार चालवणारे दोघे-तिघे होते तेही पलटणीत. सासूबाई साताऱ्याच्या दवाखान्यात पडून होत्या. पेट्रोल रेशनवर, म्हणून आठवड्यातून एकदाच कोरेगावाकडून आपली जुनी मोटार निघायची. तुम्ही चाकावर, मी शेजारी, पोर मांडीवर आणि पायाशी भाकरीचं गठुडं. तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. पण फाटकाच्या खांबाला मोटारीची डावी बाजू पुन्हा पुन्हा घासायला लागली तेव्हाच मी काय ते ओळखलं. खिंडीत डावं वळण आलं की मी पोराला म्हणायची, आज्याला सांग, पुढं बैलगाडी हाय. पोर सांगायचं. तुम्ही "व्हय, दिसली" म्हणायचात आणि मग ब्रेक दाबायचात. मला मनातून फार राग यायचा. दिसली म्हणे.

एका दुपारी पोर मांडीवर झोपून गेलं. वळणामागून कडब्यानं भरलेली गाडी येत होती, निम्म्याहून जास्त रस्ता व्यापून. मी सवयीनं झोपलेल्या पोरालाच म्हटलं, आज्याला सांग, गाडी हाय. आणि तुम्हीही सवयीनं पोर बोलायची वाट बघत बसलात. पोर घोरतंय, मोटार चाललीय, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला खोल ओढा. रीत गेली खड्ड्यात, मी ओरडले, "मामंजी, थांबवा." बैलांच्या शिंगांपाशी मोटार थांबली. गाडीवानानं आपल्या दोघांना शेलक्या शिव्या घातल्या आणि कडेनं गाडी काढून तो निघून गेला.

तुम्ही मोटार बंद केलीत. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "पोरी, डावीकडचं मला दिसत न्हाई."

"म्हाईत हाय मला," मी म्हणाले.

"मग चालवशील?"

"शिकवा."

तुम्ही शिकवलंत, आणि चांगलं शिकवलंत. वळण यायच्या आधी हळू व्हायचं, वळणात शिरल्यावर ब्रेकला पाय लावायचा नाही. भोंगा वाजवायचा, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, बैलाला भोंगा कळत नाही. आणि जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी उभी राहिली पाहिजे. हे शेवटचं तुम्हाला कुठून सुचलं ते मी विचारलं नाही. गावानं बोटं मोडली, तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत. त्या चाकावर बसून मी सासूबाईंना बरं करून घरी आणलं. त्याचा मला आजही अभिमान आहे. पुढं मुलं, नातवंडं, सगळ्यांना मीच शिकवलं.

लढाई संपली आणि तुमचा मुलगा परत आला. आल्या आल्या त्यानं चाक धरलं. मी मागं बसले. त्याच खिंडीत तो भरधाव शिरला, वळणात ब्रेक दाबला आणि मोटार मुरमावरून ओढ्याकडं सरकली. थांबली, नशीब.

तुम्ही म्हणालात, "उतर. सूनबाईला बसू दे."

तो म्हणाला, "आबा, म्या लढाईत ट्रक चालवल्यात."

"तितं ट्रक सरकारचा हुता. हितं माझा नातू बसलाय."

तो बिचारा मागं गेला आणि मी पुढं आले. बसताना मी पदर तोंडावर ओढून घेतला. तुम्हाला वाटलं, नवऱ्यासमोर सून लाजली. तुम्ही पोराच्या हाती निरोपही दिलात, आईला म्हणावं लाजू नको.

मामंजी, मी हसत होते. पार साताऱ्यापर्यंत हसत होते. तुमचा मुलगा अजून म्हणतो की त्या दिवशी तू किती लाजली होतीस, म्हणून हा कागद घरात ठेवता येणार नाही. चहा ठेवतानाच तो चुलीत घालते.