मेजावरचे विवर

२१ नोव्हेंबर २००५, दिग्रस
आज शाळेत रुजू झाले! कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात प्रशस्त खोली मिळाली आहे. खिडकीसमोर हंगामातल्या पहिल्या कापसाची गंजी आहे. घराएवढी उंच, डोळे दिपावेत इतकी शुभ्र. शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी शनीच्या मिमास या बर्फाळ चंद्राची प्रतिकृती करणार आहे. एकाच आघाताने पडलेले ते प्रचंड विवर आणि त्याच्या मधोमध उभा असलेला सुळका मुलांना दाखवायचा आहे. त्यासाठी गंजीतून ओंजळभर कापूस घेऊ का, असे मी भीत भीत विचारले. तेथील मजूर रुपीबाई हसून म्हणाल्या, घ्या ना मॅडम, गंजीले काय फरक पडते!

२२ नोव्हेंबर
लगद्याच्या गोळ्यावर खळीने कापूस चिकटवला आणि मुठीने दाबून विवर केले. सुळका बसवायचा राहिला आहे. मुकादम बसंतीबाई खिडकीतून पाहून संतापल्या. पहिल्या गंजीतून कापूस ज्याने काढला, त्यानेच तो खड्डा दिवस मावळायच्या आत बुजवायचा, ही इथली रीत. पुस्तकं वाचू वाचू डोक्यात कापूस भरला का, असे त्यांनी विचारताच साऱ्याजणी हसल्या. मी खिडकी लावून घेतली.

२३ नोव्हेंबर
गंजीच्या माथ्यावर गोल खड्डा पडला आहे. रुंदी गंजीच्या तृतीयांश. माझ्या विवराचे प्रमाणही तेच. भर दुपारीही तिथला कापूस बर्फासारखा गार लागतो. नळावरची माझी घागर कोणीतरी लवंडून दिली.

२४ नोव्हेंबर
मॅडम नवीन हायेत, मीच बुजवतो, असे म्हणून रुपीबाई वर चढल्या. खड्ड्यात उतरल्या. परतल्या नाहीत. दिवसभर शोधले — कोणी नाही.
माझ्या विवरात सुळका उगवला आहे. मी तो बसवलेला नाही.

२५ नोव्हेंबर, सकाळ
सुळका हलतो — श्वास घेतल्यासारखा. बसंतीबाई दार बडवतात : तुमच्या हातानं झालं, तुमच्याच हातानं बुजवा. रुपीबाईंचा भाऊ घनश्याम कमरेला दोर बांधून खड्ड्यात उतरतो आहे. इतक्या डोळ्यांसमोर बाहेर जाणे मला जमणार नाही — पण विवर इथेही आहे, मेजावर. हातही माझाच. बुजवते.

दुपार
मूठभर कापूस घट्ट दाबला. बाहेर आरडाओरडा — गंजीवरचा खड्डा मिटला, माथा सपाट — दोर नुसताच वर, घनश्यामविना —

मेजावरचे विवर उपसते आहे. बोटे बधिर. आत केस लागले — काहीतरी कोमट —

डाव्या हाताने लिहिते. उजव्या हाताचे बोट आतून कोणीतरी धरले आहे — ओढ