माफीचं शिसं

९ सप्टेंबर
आले एकदाची लिंकनशरला. बावीस वर्षं लोकांच्या गाड्यांत बसून त्यांना ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास केलं, आता मोकळ्या रानात मेटल डिटेक्टर घेऊन भटकायचं. भाड्याचं घर लहान पण उबदार आहे. मालक विल्फ सोअर्बी ऐंशीचा, एकटा, अखंड बडबड्या. स्वागताला पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेली जाड कचोरी, घेऊन आला आणि मला एकसष्टाव्या वर्षी ‘पोरी’ म्हणाला. गहू कापून झालाय, सगळं रान माझं. फक्त काटेरी झाडांमागच्या पट्टीत खणायचं नाही. जुन्या काळच्या प्लेगच्या महामारीतली माणसं पुरलीत तिथं, त्यांना पडू दे, म्हणाला. मी कबूल केलं.

१२ सप्टेंबर
तीन दिवसांत बाटल्यांची झाकणं आणि काडतुसं. विल्फ म्हणतो, अशीच राब पोरी, फुकटात माझं रान साफ होतंय. मला चिडवलेलं खपत नाही. तो बाजाराला गेल्यावर मी पट्टीत शिरले. कडेकडेनंच, असं स्वतःला समजावत.
हातभर खाली शिशाची जाड चकती निघाली. एका बाजूला पोप क्लेमेंटचं नाव, दुसऱ्या बाजूला दाढीवाले दोन संत. तिच्याभोवती बोटांची हाडं मिटलेली होती. मी ती सोडवली, चकती घेतली, खड्डा बुजवून वर गवत बसवलं. आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू?

१५ सप्टेंबर
म्युझियममध्ये नोंद करायला गेले. इमोजेन नावाची हुशार मुलगी आहे. कुठे सापडलं, हे तिनं नकाशावर दाखवायला सांगितलं. परवानगीशिवाय थडगं उकरलं म्हटलं असतं तर आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबनं हाकलली असती, विल्फनंही. मी त्याच्या घराला लागून असलेल्या खालच्या रानावर खूण केली.
ती म्हणाली, ही पोपच्या पत्राला लटकवलेली मोहोर. काही लोकांना पापांची माफी देणारं पत्र हातात देऊन पुरायचे, देवाच्या दारी दाखवायला. पत्र कुजतं, शिसं राहतं. बरं झालं रानात सापडलं, नाहीतर कुणा बिचाऱ्याचा परवानाच आपण पळवला असता. मी हसले. फोटो काढून तिनं चकती परत दिली.

१८ सप्टेंबर
विल्फ रागावून आला. खड्डे करतेस ते बुजवत जा, बाई. आज पोरी नाही, बाई. खालच्या रानात सात खड्डे होते. मी तिथं पाऊलही टाकलेलं नाही. वाकून पाहिलं. ओरखडे खालून वर आलेत.

१९ सप्टेंबर
आज अकरा. एका रांगेत, विल्फच्या घराकडे. सगळी सुरुवात नकाशावर मी खूण केली तिथून. चकतीचा धनी चोर शोधतोय, आणि चोराचा पत्ता मी दिलाय.

२० सप्टेंबर
भर दुपारी चकती परत ठेवायला गेले. पट्टीतला खड्डा उघडा. आत कुणी नाही. तरी ठेवून आले.
चहाच्या वेळी विल्फच्या पायरीवर पडलेली होती. मधोमध दुमडलेली, दातांचे वण. त्या मेलेल्याला ती परत नकोय.

२१ सप्टेंबर
पायरीखाली घूस शिरली म्हणून विल्फनं आत हात घातला. मनगट मोडलंय. प्लास्टर घालून घरी आला. म्हणतो, घुशीला अंगठा असतो का गं? थट्टा करत होता, पण ओठ पांढरे पडले होते. मी तेव्हाही बोलले नाही. स्वतःची किळस येते.

२२ सप्टेंबर
सांगितलं सगळं. विल्फनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, मला सांगून काय उपयोग, त्याला सांग.
इमोजेनला फोन करून नकाशावरची खूण पट्टीत हलवायला लावली. मग पायरीजवळच्या खड्ड्याशी उभी राहून मोठ्यानं म्हणाले, मी नेलं, नोरीन डाऊझनं. विल्फचा काही दोष नाही. आतली माती हलायची थांबली.

२३ सप्टेंबर
विल्फकडे नवा खड्डा नाही. माझ्या फाटकाशी तीन —
गाडी काढली. गावाबाहेर पोचते तोच विल्फचा फोन. त्याची पायरी पुन्हा हलतेय. म्हणजे मी पळाले तर तो —
परत आले. पायरी स्थिर झाली, म्हणाला.

२४ सप्टेंबर
सकाळी दहा. स्वयंपाकघराची फरशी उचललीय. माती वर येतेय, सावकाश. त्याला घाई नाही. देवाच्या दारी दाखवायला साडेसहाशे वर्षं धरून ठेवलेलं मी काढून घेतलं. मीसुद्धा क्षमा केली नसती.

विल्फ आलाय. एका हातानं दार ढकलतोय. आत येऊ नकोस म्हणून ओरडले —
ऐकत नाही म्हातारा. पुन्हा ओरडले. शिव्या घातल्या —
थांबला. पावलं लांब जातायत. बरं झालं. आता तोंडात माती ये