शोपेज म्हणाल तेव्हाच

३ मार्च
सुनेने तिच्या छापखान्यात भंगारात निघालेला प्रिंटर आणून थेट माझ्या टेबलावर ठेवला. "आई, याला पोस्टस्क्रिप्ट भाषा कळते. तुम्ही कॉम्प्युटरवर आकडे लिहायचे, रेघा तो मारेल."

का? मी मागितला होता? उभी हयात ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढण्यात गेली, मला रेघ मारायला यंत्र नको!

काहीतरी शिजतंय. माझ्या हाताचं कळलं असेल? शक्य नाही. मी तिच्यासमोर पेन्सिल धरतच नाही.

४ मार्च
चहा पुन्हा अर्धा कप. कंजूष!

६ मार्च
पहिला धडा. शंभर शंभर मूव्हटू — पेन तिथे नेऊन ठेव. चारशे शंभर लाइनटू — तिथपर्यंत रेघ. आधी आकडे, क्रियापद शेवटी. निदान वाक्यरचना तरी मराठी! मग स्ट्रोक, म्हणजे शाई. कागद आलाच नाही. दिवा नुसता लुकलुकत राहिला.

"शोपेज म्हणाल तेव्हाच पान बाहेर येतं, आई."

हे आधी सांगायला काय झालं होतं? मला चुकताना बघायचं होतं, दुसरं काय!

७ मार्च
स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज. मुलगा म्हणत होता, "विचारू का आईला?" ती म्हणाली, "अजिबात नाही." मी आत गेले तशी ती कांदा चिरायला लागली.

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. आधी हातातून चमचा पडला, मग मुलांची कुजबुज, मग वृद्धाश्रमात रवानगी. माझ्या हाताची थरथर कुणाला दिसता कामा नये. बस्स.

१० मार्च
कोरा कागद! वरच्या कोपऱ्यात शून्य धरून, खाली उणे आकडे मोजत झकास चौकट लिहिली होती. नक्की हिने प्रिंटरला काहीतरी करून ठेवलंय.

"शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं, आई. तुमची चौकट कागदाच्या खाली गेली."

शाळेतल्या आलेखासारखंच की! मलाच सुचायला हवं होतं. तिला अर्थातच तसं म्हटलं नाही.

१३ मार्च
आपल्या घराचा जिना काढला, पायरी न् पायरी. रेघ हलली की आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर बोटांवर पट्टी हाणायच्या — आज त्यांनाही खोट सापडली नसती!

कागद उचलला, तर माझ्या हातात तोच फडफडायला लागला. घाईघाईने खाली ठेवला. सुनेने पाहिलं? ती खिडकीबाहेर बघत होती. जरा जास्तच वेळ.

१५ मार्च
सून कामावर. चहा मुलाने आणला, काठोकाठ भरून. बशीत, मांडीवर, जिन्याच्या कागदावर — सगळीकडे चहा! तो फडकं घेऊन धावला. "हिने बजावलं होतं, आईंचा कप अर्धाच भर म्हणून. विसरलोच बघ."

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने. मी म्हटलं डॉक्टरकडे नेऊ, तर म्हणाली, थांब, आईंना स्वतःहून सांगू दे."

संध्याकाळी ती घरी आल्यावर तिच्यासमोर बसले आणि पेन्सिल धरली.