पट्ट्याची पाच जादा भोके

मी, शेख मुश्ताक, वय एकसष्ट, धंदा घड्याळदुरुस्ती आणि जोडीला चामड्याचे काम, राहणार चंद्रपूर, जटपुरा गेटच्या आत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे, आणि ती न लिहिता सही केली तर कागद खोटा ठरेल.

१. घराचे हिस्से शरियतप्रमाणे ठरलेले आहेत: पत्नी खैरुन, मुलगी मदीहा आणि मला मुलगा नसल्यामुळे धाकटा भाऊ तौसीफ. त्यात मी ढवळाढवळ करू शकत नाही. माझ्या मर्जीने द्यायला एक तृतीयांशच आहे, आणि तो वारसांबाहेर द्यायचा असतो.

२. त्यातून घड्याळाची व चामड्याची, दोन्ही अवजारपेट्या भद्रावतीच्या शाळेतल्या साक्षी मॅडमना द्याव्यात. शाळेला सुट्टी असली की बसने येऊन त्या तीन वर्षे घड्याळाचे पट्टे शिवायला शिकल्या. घड्याळ उघडायला अजून घाबरतात. तरी पेट्या वेगळ्या करू नयेत. माझ्या हातात त्या एकत्रच नांदल्या.

३. तौसीफविषयी. खाणीतल्या लोकांचे पट्टे घाम आणि कोळशाने सहा महिन्यांत कुजत. घड्याळ चांगले, पट्टा गेला, म्हणून घड्याळ पेटीत. ते बघवेना, म्हणून मी म्हशीचे चामडे आणून पट्टे शिवू लागलो. तौसीफ म्हणाला, घडीसाजाच्या घरात चामडे आणून अब्बांचे नाव बुडवले. तेव्हापासून तो माझ्या दुकानात पाणीसुद्धा प्यायला नाही. मीही काही कमी नाही, त्याच्या मुलाच्या निकाहात जेवलो नाही. त्याच्या मापाचा एक पट्टा शिवून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आहे. तो त्याला द्यावा. नाही घातला तरी चालेल.

४. दुरुस्त होऊन पडलेली, कुणी न्यायला न आलेली एकतीस घड्याळे आहेत. मालक आल्यास चिठ्ठी न मागता द्यावीत.

५. माझ्या मनगटावरचे घड्याळ मदीहाला. ती वारस आहे, तरी इतरांनी हरकत घेऊ नये ही विनंती. पट्टा मात्र तिला देऊ नये. तो शेजारच्या देवराव टेलरने काढून, खैरुनच्या नजरेस पडण्याआधी जाळावा.

कारण लिहितो. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पोटावर हात फिरवला, गाठ लागते म्हणाले आणि नागपूरला तपासणीची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी काट्यांच्या डबीखाली आहे. घड्याळ सैल होत गेले तसा मी पट्ट्याला नवीन भोक पाडत गेलो. पाच झाली. खैरुनला सांगितले, उन्हाने चामडे ताणले जाते. चाळीस वर्षे मी गिऱ्हाइकाला ऐकवत आलो की हलवून, कानाला लावून कळत नाही, उघडल्याशिवाय कसे सांगू? आणि स्वतःला उघडू देण्याची माझी छाती होत नाही. मला मरणाची भीती वाटते. त्याहून जास्त, नागपूरचा डॉक्टर बोलायला तोंड उघडेल त्या क्षणाची वाटते. मृत्युपत्र लिहिणे त्या मानाने सोपे गेले.

इथवर लिहिले आणि खैरुन चहा घेऊन आली. मला कागद झाकता आला नाही. तिने उभ्याउभ्या सगळा वाचला, आत गेली आणि सुपारीची डबी आणून कागदावर पालथी केली. मोहरीपेक्षा जराशा मोठ्या, चामड्याच्या पाच चकत्या पडल्या. भोक पाडल्यावर त्या टेबलावर देवरावला दिसू नयेत म्हणून मी शर्टाच्या खिशात टाकत असे. शर्ट कोण धुते, याचा विचार केला नव्हता.

खैरुन आरमोरीची आहे. एरवी घरात आम्ही हिंदी बोलतो, पण राग आला की ती माहेरची मराठी बोलते. म्हणाली, "एप्रिलपासून वाट पाहून राह्यली मी, तुमी कधी सांगता म्हनून."

तिने माझे मनगट धरून पट्टा उलटसुलट पाहिला. नवी भोके सरकत सरकत घड्याळाच्या डबीला टेकली आहेत.

"आनखी एका भोकाची जागा हाय का याच्यात?"

नव्हती. तसे मी सांगितले.

"मंग चाला नागपूरले."

६. कलम पाचमधील पट्टा जाळण्याची सूचना रद्द. सोमवारी सकाळच्या बसने नागपूर. बाकीची कलमे कायम, कारण भीती कायम आहे.

सही: शेख मुश्ताक
ठिकाण: चंद्रपूर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१) देवराव, टेलर, शेजारचे दुकान
२) गोपाल, चहावाले

खैरुन वारस आहे, तिची साक्ष चालणार नाही, असे देवरावांनी समजावले. तिने पेन मागून घेतला आणि खाली लिहिले:

वाचलं. मले बी भेव लागते. संगं जाऊन राह्यली. खैरुन.